खानदेशातील नाताळ

खानदेशातील नाताळ म्हणजे महाराष्ट्रातील धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत २५ डिसेंबर रोजी साजरा होणारा येशू ख्रिस्ताच्या जन्माचा सण, तसेच त्या निमित्ताने होणारी शुभेच्छांची, फराळाची आणि भेटींची देवाणघेवाण होय. गोवा, वसई किंवा मुंबई येथील नाताळाइतका हा सण प्रसिद्ध नाही. खानदेशातील ख्रिस्ती समाज संख्येने लहान व विखुरलेला असून त्यात आदिवासी, मराठीभाषक प्रोटेस्टंट, कॅथलिक आणि एके काळचा अँग्लो-इंडियन रेल्वे-समाज अशा भिन्न धारा एकत्र आल्या आहेत. त्यामुळे येथील नाताळाला एकच एक रूप नाही. गेल्या दीडशे वर्षांत या सणाचे स्वरूप अनेकदा बदलले, आणि तो बदल सर्वांत स्पष्टपणे शुभेच्छा देण्याच्या रीतीत दिसतो.

नाव

‘नाताळ’ हा मराठी शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला. त्याचे मूळ लॅटिनमधील जन्मवाचक शब्दात आहे. वास्को द गामाचे जहाज १४९७ च्या नाताळात आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याजवळून जात असताना त्याने त्या भूमीला हेच नाव दिले. महात्मा गांधींच्या चरित्रात वाचकांना भेटणारा ‘नाताळ’ प्रांत तो हाच. एक सण आणि एक प्रांत यांचे नाव मराठीत अगदी सारखे कसे, असा प्रश्न शाळकरी मुलांना हमखास पडतो. त्याचे उत्तर हे आहे.

पोर्तुगीज सत्ता खानदेशात कधीही नव्हती. तरीही कोकण किनाऱ्यावर रूढ झालेला हा शब्द घाटावर पोहोचला आणि इंग्रजी अमदानीत सरकारी सुट्ट्यांच्या यादीतून सर्वतोमुखी झाला. मराठी ख्रिस्ती लेखनात ‘ख्रिस्तजयंती’ व ‘ख्रिस्तजन्मोत्सव’ हे शब्दही आढळतात. हिंदीच्या सान्निध्यामुळे खानदेशात, विशेषतः रेल्वेच्या गावांत, ‘बडा दिन’ असेही म्हटले जाई. अलीकडे जाहिराती, शाळांची निमंत्रणे आणि भ्रमणध्वनीवरील संदेश यांत ‘ख्रिसमस’ हा शब्द नाताळाची जागा घेत आहे. चार शतके मराठीत मुरलेल्या शब्दाला परका समजून इंग्रजी शब्द अधिक शुद्ध मानावा, हा प्रकार जरा विचित्रच म्हणावा लागेल.

पार्श्वभूमी

इ.स. ३३६ मध्ये रोम येथे २५ डिसेंबरला ख्रिस्तजन्माचा सण पाळला जात असल्याची नोंद मिळते. पूर्वेकडील काही चर्च जुन्या जूलियन दिनदर्शिकेनुसार चालत असल्याने त्यांचा नाताळ सध्याच्या गणनेने ७ जानेवारीस येतो. सणापूर्वीच्या चार रविवारांचा ‘आगमनकाळ’ हा उपासनेच्या दृष्टीने तयारीचा काळ मानला जातो.

आज नाताळाशी जोडलेल्या बऱ्याच गोष्टी मात्र फार जुन्या नाहीत. गोठ्याचा देखावा मांडण्याची प्रथा संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो येथे केलेल्या देखाव्याशी जोडली जाते. सजवलेले झाड जर्मन प्रदेशातून आले आणि १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे चित्र छापून आल्यावर इंग्रजी घरांत पसरले. चौथ्या शतकातील मायरा येथील बिशप संत निकोलस यांच्यावरून आलेल्या सांताक्लॉजचे लाल पोशाखातील गुबगुबीत रूप एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील अमेरिकी चित्रकारांनी घडवले.

याच्या उलट, ख्रिस्ती धर्मातीलच एका प्रवाहाला नाताळ मान्य नव्हता. इंग्लंडमधील प्युरिटन पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळावर बंदी घातली. अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात तो पाळणाऱ्यास दंड होत असे, आणि तेथे या दिवशी अधिकृत सुटी मिळू लागली ती १८५६ मध्ये. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे. १८१३ मध्ये मुंबईत आलेले आणि पुढे अहमदनगर हे केंद्र करणारे अमेरिकन मराठी मिशन याच न्यू इंग्लंडमधील परंपरेतून आले होते. मराठी प्रोटेस्टंट घरांत नाताळ जो फुलला, त्यात मिशनऱ्यांच्या मायदेशाहून आलेल्या प्रथांपेक्षा दिवाळीच्या फराळाचा, कंदिलांचा आणि भजन-कीर्तनाचा वाटा मोठा दिसतो, याचे एक कारण येथे सापडू शकते.

खानदेशातील आरंभ

साहेबांचा नाताळ

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या अधिकाऱ्याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारण्यास सुरुवात केली. या काळात नाताळ हा मूठभर गोऱ्या अधिकाऱ्यांचा सण होता. त्यात एतद्देशीयांचा सहभाग होता तो ‘डाली’पुरता. डाली म्हणजे फळे, फुले, सुकामेवा व मिठाई यांनी सजवलेली टोपली किंवा ताट. हाताखालील कर्मचारी, कंत्राटदार, व्यापारी व जमीनदार ती घेऊन नाताळच्या सकाळी साहेबाच्या बंगल्यावर हजर होत. ही प्रथा सबंध हिंदुस्थानात होती. मौल्यवान वस्तूंची लाच डालीतून पोहोचू नये म्हणून फळेफुले सोडून अन्य भेटी स्वीकारण्यावर सरकारला निर्बंध घालावे लागले. शुभेच्छांची देवाणघेवाण असे तिला म्हणणे कठीण आहे. देणारा एक आणि घेणारा दुसरा, अशी ती एकमार्गी रीत होती. तरीही गावकऱ्यांना नाताळ प्रथम ठाऊक झाला तो बहुधा या रूपाने.

रेल्वेचा नाताळ

१८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग खानदेशातून गेला आणि भुसावळ हे मोठे जंक्शन झाले. चालक, गार्ड, फोरमन अशा जागांवर अँग्लो-इंडियन व युरोपीय कर्मचारी आले, त्यांच्यासाठी वसाहत वसली, प्रार्थनामंदिरे व शाळा निघाल्या. रेल्वे इन्स्टिट्यूटमधील नृत्य, मुलांसाठी झाडाखाली मांडलेल्या भेटी, घरी केलेला फळांचा केक आणि शेजाऱ्यांकडे पाठवलेली फराळाची ताटे असे या वसाहतींतील नाताळाचे स्वरूप असे. स्वातंत्र्यानंतर या समाजातील अनेक कुटुंबे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व कॅनडा येथे स्थलांतरित झाली आणि भुसावळचा हा नाताळ हळूहळू विरळ होत गेला.

मिशनचा नाताळ

१९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेकडे, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात, वऱ्हाडातही काम करणाऱ्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेचे कार्य होते. पश्चिमेकडे विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने काम सुरू केले. फ्रेड्रिक फ्रॅन्सन या स्वीडनमध्ये जन्मलेल्या प्रचारकाने १८९० मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या या संस्थेचे नाव १९४९ मध्ये बदलून ‘दि इव्हँजेलिकल अलायन्स मिशन’ झाले. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘टीम’ हे नाव रूढ आहे.

नवापूर तालुक्यातील चिंचपाडा हे या भागातील महत्त्वाचे केंद्र ठरले. सुरत–भुसावळ लोहमार्गावरील या लहान गावी १९४० च्या दशकात मिशन रुग्णालय सुरू झाले. ते आता इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या भारतीय संस्थेकडून चालवले जाते. भिल्ल, मावची, गावित, कोकणी या आदिवासी समाजांतील काही कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याने नंदुरबार जिल्ह्याचा पश्चिम भाग खानदेशातील नाताळाचे मुख्य क्षेत्र बनला. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला.

कॅथलिक चर्चच्या रचनेत हे तीनही जिल्हे नाशिक धर्मप्रांतात येतात. १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून तो वेगळा काढण्यात आला. अनेक प्रोटेस्टंट पंथांच्या एकीकरणातून २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. खानदेशातील बऱ्याच मंडळ्या मात्र या एकीकरणाबाहेरच्या, स्वतंत्र परंपरेच्या आहेत.

नाताळची सुटी आणि सार्वजनिक जीवन

इंग्रजी अमदानीत न्यायालये, कचेऱ्या आणि महाविद्यालये डिसेंबरअखेर बंद असत. वकील, शिक्षक व विद्यार्थी मोकळे असल्याने राष्ट्रीय सभेची अधिवेशने आरंभापासून नाताळच्या आठवड्यात भरत. पहिले अधिवेशन मुंबईत २८ डिसेंबर १८८५ रोजी सुरू झाले. महाड येथील सत्याग्रह परिषदही २५ डिसेंबर १९२७ पासून भरली आणि त्याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले.

खानदेशाला या सुटीची सर्वांत मोठी आठवण आहे ती फैजपूरची. तत्कालीन पूर्व खानदेश जिल्ह्यातील या गावी डिसेंबर १९३६ च्या शेवटच्या आठवड्यात पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले. ग्रामीण भागात भरलेले ते पहिले अधिवेशन होय. त्यामुळे खानदेशातील एका पिढीच्या बोलण्यात ‘नाताळ’ हा शब्द सणाइतकाच सुटीचा, परिषदांचा आणि सभांचा वाचक होता. पुढे दिवाळीची व उन्हाळ्याची सुटी प्रमुख झाली. नाताळची सुटी मराठी माध्यमाच्या शाळांत एका दिवसावर आली आणि ख्रिस्ती संस्थांच्या शाळांत मात्र टिकून राहिली.

साजरा करण्याची रीत

डिसेंबरात खानदेशात कडाक्याची थंडी असते; धुळ्याचा पारा काही वर्षी एकअंकी आकड्यावर उतरतो. याच दिवसांत नाताळगीते गाणाऱ्यांच्या फेऱ्या निघतात. मंडळीतील तरुण, मुले व वडीलधारे रात्री ढोलकी, टाळ, खंजिरी किंवा पेटी घेऊन ख्रिस्ती कुटुंबांच्या दारी जातात. गाणी मराठीत असतात. आदिवासी भागांत ती मावची, भिल्ली वा गावित बोलीतही गायिली जातात. घरमालक चहा देतो, पाळक किंवा एखादा ज्येष्ठ लहानशी प्रार्थना करतो, आणि मंडळी पुढच्या घराकडे वळते. घरे दूरदूर असल्याने एखादी फेरी पहाटेपर्यंत चालते.

मराठी प्रोटेस्टंट उपासनेतील गीतांचे ‘उपासना संगीत’ हे पुस्तक सर्वपरिचित आहे. त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या रचनांना मोठे स्थान आहे. १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर टिळकांनी अभंग, ओवी, पद, कीर्तन हे मराठी घाट ख्रिस्ती उपासनेत आणले. नाताळाला मराठी सूर मिळाला तो प्रामुख्याने या कामामुळे. खानदेशाशी त्यांचा संबंध वेगळ्या कारणानेही सांगितला जातो. १९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली आणि ‘बालकवी’ हे नाव मिळवले. टिळक त्या संमेलनास उपस्थित होते. पुढे बालकवी काही काळ अहमदनगरला टिळक कुटुंबात राहिले. लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात या सहवासाचे चित्रण आहे. धर्मांतरामुळे तुटलेली नाती पुन्हा कशी जुळतात, याचेही दर्शन त्या ग्रंथात घडते. सणावाराला एकमेकांकडे जाणे-येणे या विषयाच्या अभ्यासकाने तो अवश्य पाहावा.

२५ डिसेंबरच्या सकाळी नवे कपडे घालून लोक उपासनेस जातात. कॅथलिक मंडळींत आदल्या मध्यरात्रीची मिस्सा मुख्य असते. उपासनेनंतर हस्तांदोलन, आलिंगन आणि ‘शुभ नाताळ’ असा घोष होतो. जुन्या प्रोटेस्टंट मराठी घरांत परस्परांना ‘सलाम’ म्हणण्याची रीत होती. शांतीचा अर्थ असलेला हा शब्द बायबलमधील अभिवादनाशी जवळीक सांगतो, परंतु तो केवळ मुसलमानी समजला जाऊ लागल्याने तरुण पिढीत मागे पडत आहे. दुपारी अनेक गावांत प्रीतिभोजन असते. प्रत्येक घरातून धान्य किंवा वर्गणी जमा होते आणि सर्वजण एका पंक्तीला बसतात. ज्यांच्या पूर्वजांना एकत्र पंक्ती नाकारली गेली होती, अशा कुटुंबांसाठी या जेवणाचा अर्थ चवीपलीकडचा आहे. आठवडाभर मुलांच्या नाटिका, पाठांतराच्या व खेळांच्या स्पर्धा चालतात. ३१ डिसेंबरच्या रात्री वर्षअखेरची उपासना होऊन सण संपतो.

फराळ दिवाळीचाच असतो, म्हणजे करंज्या, शंकरपाळे, चकल्या, शेव, लाडू. केक हा त्यात नंतर आलेला पाहुणा. दारावरील चांदणीच्या आकाराचा कंदील आणि दिवाळीचा आकाशकंदील यांतही फारसा फरक राहिलेला नाही. चांदणीचा कागदी कंदील जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोरावियन पंथाच्या एका शाळेत भूमितीच्या पाठातून तयार झाला, असे सांगतात. खानदेशातील दुकानदार मात्र दिवाळीत उरलेल्या चांदण्या डिसेंबरात पुन्हा बाहेर काढतो, आणि गिऱ्हाइकालाही त्यात काही वावगे वाटत नाही.

शुभेच्छांची देवाणघेवाण

ताट

सर्वांत जुनी आणि अजूनही टिकलेली रीत म्हणजे फराळाचे ताट. नाताळात ख्रिस्ती घरातून हिंदू, मुस्लिम, बौद्ध शेजाऱ्यांकडे रुमालाने झाकलेले ताट जाते. हेच ताट रिकामे परत येत नाही. दिवाळीत वा ईदेला ते भरून येते. या परतफेडीचा हिशेब कोणी लिहून ठेवत नाही, पण तो चुकला तर लक्षात राहतो. मांसाहारी स्वयंपाकाच्या भांड्यांविषयीच्या संकोचामुळे काही घरे कोरडा फराळ किंवा फळेच पाठवतात. हा संकोच दोन्ही बाजूंनी न बोलता सांभाळला जातो.

भेटकार्ड

छापील नाताळ भेटकार्डाचा आरंभ १८४३ मध्ये लंडन येथे झाला. हेन्री कोल यांनी पत्रांची उत्तरे लिहिण्याचे श्रम वाचावेत म्हणून चित्रकार जॉन कॅल्कॉट हॉर्सली यांच्याकडून कार्ड करून घेतले. तीन वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या एक पेनीच्या टपालामुळे ही कल्पना फोफावली. हिंदुस्थानात १८५४ मध्ये अंतर कितीही असले तरी एकच दर आकारणारे टपाल आले आणि १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे पोस्टकार्ड मिळू लागले.

खानदेशातील ख्रिस्ती कुटुंबांत छापील कार्ड उशिरा पोहोचले. प्रारंभी शुभेच्छा साध्या पोस्टकार्डावर लिहिल्या जात. वर मध्यभागी एखाद्या शास्त्रवचनाचा संदर्भ, खाली सर्वांच्या प्रकृतीची चौकशी, मग पीकपाणी, बदली, जन्म-मृत्यूच्या बातम्या आणि शेवटी नव्या वर्षासाठी आशीर्वाद असा त्यांचा घाट असे. मिशनच्या शाळांत शिकून शिक्षक, परिचारिका, पाळक झालेली माणसे महाराष्ट्रभर विखुरली होती. अहमदनगर, मिरज, अकोला, नाशिक, पुणे येथील सोबत्यांशी वर्षातून एकदा होणारा हा पत्रव्यवहार म्हणजे एका लहान समाजाला बांधून ठेवणारा धागा होता. परदेशी परतलेल्या मिशनऱ्यांकडून हवाई टपालाने येणाऱ्या चित्रमय कार्डांचे अप्रूप वेगळेच. बर्फ, लाल छातीचा पक्षी आणि देवदारांची झाडे ही खानदेशच्या कापसाच्या मुलुखात कोणी न पाहिलेली दृश्ये त्यांवर असत. ही कार्डे दोऱ्यात ओवून भिंतीवर तोरणासारखी लावली जात व पुढच्या नाताळापर्यंत तशीच राहत.

पाकीट न चिकटवता त्यावर ‘बुक पोस्ट’ लिहिले की कार्ड कमी दरात जाई. त्यामुळे खासगी मजकूर लिहिता येत नसे. छापील शुभेच्छेखाली फक्त सही. पत्र आणि कार्ड यांच्यातील पहिली फारकत येथेच झाली. पोस्टकार्डात माणूस आपले वर्ष सांगत असे, कार्डात तो केवळ आपले नाव कळवू लागला.

मराठी वाचकाला या प्रथेची तुलना तिळगुळाच्या कार्डांशी करता येईल. मकरसंक्रांतीला गोड बोलण्याची विनंती छापलेले छोटे कार्ड आणि पाकिटात चिमूटभर हलवा, असे टपाल महाराष्ट्रात दीर्घकाळ चालू होते. नाताळ, नवे वर्ष व संक्रांत तीन आठवड्यांत येत असल्याने ख्रिस्ती आणि हिंदू मित्रांच्या कार्डांची जणू साखळीच लागे. नाताळाचे कार्ड आले की उत्तरादाखल तिळगूळ जाई. बदलीच्या नोकरीतील शिक्षक, टपाल व रेल्वे कर्मचारी यांच्या घरांत ही साखळी विशेष दिसे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युनिसेफ आणि १९७९ मध्ये मुंबईत स्थापन झालेली ‘क्राय’ यांसारख्या संस्थांनी बालकांच्या मदतीसाठी कार्डे विकली. त्याच सुमारास आर्चीजसारख्या व्यापारी कंपन्यांची इंग्रजी कार्डे धुळे-जळगावच्या भेटवस्तूंच्या दुकानांत आली. ड्रॉइंग पेपरवर स्केचपेनने काढलेली शाळकरी मुलांची घरगुती कार्डेही याच काळातली. छापील मराठी कार्डे त्या मानाने नेहमीच दुर्मीळ राहिली.

तार आणि दिनदर्शिका

तार खात्याने शुभेच्छांसाठी ठराविक वाक्यांना क्रमांक दिले होते. तार मास्तरला क्रमांक सांगितला की स्वस्तात शुभेच्छा रवाना होई आणि मिळणाऱ्यास ती सजवलेल्या कागदावर येई. नाताळासाठीही असे वाक्य होते. तरीही खेड्यात तार म्हणजे मृत्यूची वार्ता, हा समज इतका घट्ट होता की शुभेच्छांची तार आली तरी घरात आधी रडारड होई. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुकानदार, सराफ व पेढ्या गिऱ्हाइकांना दिनदर्शिका देतात. मराठी घरांत १९७३ पासून प्रसिद्ध होणाऱ्या ‘कालनिर्णय’ने सर्व धर्मांचे सण एकाच पानावर छापले. शेजारच्या घरी नाताळ नेमका कधी, हे अनेकांना भिंतीवरूनच कळू लागले.

भ्रमणध्वनी

जगातील पहिला लघुसंदेश हा योगायोगाने नाताळाच्या शुभेच्छेचाच होता. ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने तो संगणकावरून एका सहकाऱ्याच्या फोनवर पाठवला. भारतात भ्रमणध्वनी सेवा १९९५ मध्ये सुरू झाली. पुढील दशकात लघुसंदेशांचे प्रमाण इतके वाढले की दिवाळी, नाताळ, नववर्ष अशा दिवशी कंपन्या सवलतीचे दर बंद ठेवत. म्हणून लोक आदल्या दिवशीच शुभेच्छा पाठवून मोकळे होत. सणाची वेळ दरपत्रकाने ठरवावी, असा हा बहुधा पहिलाच प्रसंग असावा.

२०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाल्यावर व्हॉट्सॲप हे मुख्य साधन बनले. याचा लाभ निर्विवाद आहे. नवापूरच्या पाड्यावरील आजी सुरत किंवा मुंबईतील नातवाला नाताळच्या दिवशी पाहू शकते. आदिवासी बोलींतील गाणी ध्वनिमुद्रित होऊन गावोगाव फिरतात. परंतु एकच चित्र शेकडो जणांना पाठवले जाते, आणि ते पाठवणाऱ्याने स्वतः वाचलेले असतेच असे नाही. जपून ठेवण्याजोगे त्यात काही नसते, ही त्याहून मोठी उणीव. मिशनचे इतिवृत्त मिशनऱ्यांनी लिहिले. स्थानिक कुटुंबांच्या जीवनाची नोंद मात्र अशा पोस्टकार्डांतच होती, आणि ती पोस्टकार्डे जुन्या पेट्यांसह रद्दीत जात आहेत. खानदेशातील ख्रिस्ती समाजाचा सामाजिक इतिहास लिहू पाहणाऱ्यासाठी ही हानी भरून न येणारी आहे.

अलीकडील बदल

सर्वांत दृश्य बदल म्हणजे नाताळाचा ख्रिस्ती नसलेल्यांत झालेला प्रसार. धुळे, जळगाव, नंदुरबार येथील इंग्रजी माध्यमाच्या शाळांत लाल टोपी घातलेली मुले, बेकऱ्यांतील केक, दुकानांतील प्लॅस्टिकची झाडे ही डिसेंबरातील नेहमीची दृश्ये झाली आहेत. यात सांताक्लॉज आहे, येशू क्वचितच. चर्चमधील वडीलधाऱ्यांना ही गोष्ट खटकते. तर काही संघटना शाळांतील अशा कार्यक्रमांनाच आक्षेप घेतात. अशा रीतीने लाल टोपीवर दोन्ही बाजूंनी टीका होते. २०१४ पासून अटलबिहारी वाजपेयी यांच्या जयंतीनिमित्त २५ डिसेंबर हा ‘सुशासन दिन’ म्हणूनही पाळला जातो.

दुसरा बदल कमी दिसतो, पण नंदुरबार व धुळे जिल्ह्यांच्या पश्चिम भागात तोच अधिक महत्त्वाचा आहे. कोरडवाहू शेतीवर भागत नसल्याने दिवाळीनंतर अनेक आदिवासी कुटुंबे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीसाठी जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नाताळ ऐन हंगामात येतो. साखर कारखान्याचे गाळप थांबत नाही, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ख्रिस्ती मजुराला सणासाठी गावी येणे परवडत नाही. अशी कुटुंबे फडाजवळच्या झोपड्यांतच नाताळ साजरा करतात. गावच्या प्रार्थनामंदिरात त्या दिवशी म्हातारी माणसे आणि लहान मुले उरतात. ऊसतोड मजुरांच्या स्थलांतराविषयी बरेच लिहिले गेले आहे, पण त्यांच्या सणांचे काय होते याचा उल्लेख त्यात क्वचितच येतो.

धर्मांतराचा वाद हाही येथील नाताळावर सावली धरून असतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो मिळत नाही. अनुसूचित जमातींना धर्माची ही अट नाही. ख्रिस्ती झालेल्या आदिवासींना जमातीच्या यादीतून वगळावे, अशी मागणी अलीकडे मोर्चे व मेळाव्यांतून होत आहे, तर वगळण्यास विरोध करणारे आदिवासींचे आदिवासीपण धर्मावर अवलंबून नसल्याचे सांगतात. एकाच पाड्यावर, किंबहुना एकाच कुटुंबात, काही जण ख्रिस्ती आणि काही परंपरागत देवांचे उपासक असतात. डोंगऱ्या देव, होळी यांसारख्या सणांत ख्रिस्ती नातेवाइकांनी कितपत सहभागी व्हावे, यावर मंडळ्यांमध्येही एकमत नाही. नाताळच्या प्रीतिभोजनाला मात्र बहुधा सर्वांनाच बोलावणे असते.

कोरोना साथीच्या काळात राज्य सरकारने २२ डिसेंबर २०२० ते ५ जानेवारी २०२१ या काळात महानगरपालिका क्षेत्रांत रात्रीची संचारबंदी लागू केली. धुळे व जळगाव ही शहरे तिच्या कक्षेत आली. मध्यरात्रीच्या मिस्सा संध्याकाळी उरकण्यात आल्या, उपासनेतील उपस्थिती पन्नासांवर मर्यादित झाली आणि नाताळगीतांच्या फेऱ्या थांबल्या. त्या वर्षी अनेक मंडळ्यांनी उपासना प्रथमच भ्रमणध्वनीवरून प्रक्षेपित केली. पुढील वर्षांत फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. शहरांत आता त्या पायी कमी आणि दुचाकी व टेम्पोतून अधिक निघतात. चिंचपाडा-नवापूर पट्ट्यातील पाड्यांवर मात्र गाणारे अजूनही पायीच येतात, आणि त्यांच्यासाठी चुलीवर चहाचे आधण ठेवलेले असते.